पुन्हा: नेरूळहून येतोय, तिकडे माणसं कशी जोडायची?

प्रेषक: नवीन सभासद, नेरूळ

नमस्कार मंडळी,

जानेवारीत कंपनीच्या बदलीवर आम्ही तिघं जर्मनीला, तुमच्याच गावात येतोय. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांची यादी मिळाली, आभार. संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी हे कळलं. मधल्या महिन्यांत तुम्ही लोक काय करता? बायको इथली नोकरी सोडून येतेय आणि रिकामं बसणं तिला मानवत नाही. मुलगी सात वर्षांची. जर्मनचं म्हणाल तर दोघांकडेही बी-१ चं सर्टिफिकेट आहे, पण तोंड उघडायची वेळ आली की त-त-प-प. शेजारीपाजारी ओळखी होतात का हो तिथे?

प्रेषक: माजी कार्यवाह, सध्या नौपाडा, ठाणे

तुमचा मेल वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी तिथे बरीच वर्षं काढून आता ठाण्यात परत आलेय. मंडळाच्या मेलच्या यादीतून नाव काढायचं मीच टाळलंय.

मंडळात जरूर या, पण मंडळातच मुक्काम ठोकू नका. तिकडे शेजारी दारावर येऊन 'चहाला या' म्हणणार नाही. जिन्यात हसेल, दार धरून उभा राहील, संपलं. तिथली माणसं भेटतात ती 'फेरआइन'मध्ये, म्हणजे नोंदणी केलेल्या संस्थेत. फुटबॉल, गायनवृंद, बागकाम, सगळ्याची संस्था असते. आग विझवायचीसुद्धा! मोठ्या शहरांत पगारी अग्निशमन दल आहे, आपल्यासारख्या गावात मात्र स्वयंसेवकच. देशभरात असे लोक दहा लाखांच्या घरात आहेत. पेजर वाजला की हातातलं काम टाकून निघायचं, आणि मालकाने सोडायलाच हवं असा कायदा. आपल्या मंडळातला एक मुलगा त्यात शिरला. त्याची जर्मन क्लासात सुधारली नाही, पण दोऱ्या, नळ्या आणि शिड्यांची नावं घेता घेता तो घडाघडा बोलायला लागला.

तुमच्या मिसेसना आग विझवायला लावत नाही, घाबरू नका. उन्हाळ्यात गावचा मेळा असतो, तिथे भांडी धुवायला जा म्हणावं. मी गंमत करत नाहीये. कागदी प्लेटा चालत नाहीत, चिनी मातीच्या बशा असतात आणि त्या धुवायला नगरपालिकेकडून भाड्याने आणलेली, चाकांवरची भांडी धुण्याची गाडी उभी असते. मी खरकटं काढून जाळीत बशा लावायचे, शेजारी एक आजी वाफाळत्या बशा पुसायच्या. यंत्राचा आवाज इतका की अर्धं ऐकूच येत नाही, त्यामुळे व्याकरण तपासायला कोणाला सवड नसते. डेर-डी-डासची, म्हणजे जर्मन नामांच्या लिंगांची, भीती माझी तिथे गेली.

त्याच आजींनी मला सांगितलं की शाळेचा हॉल हवा असेल तर ऑगस्टमध्ये अर्ज करून उपयोग नाही, पुढच्या वर्षीचा तक्ता आदल्या हिवाळ्यात भरतो, तेव्हा विचारा. आणि अर्ज घेऊन जाण्याआधी हॉलच्या केअरटेकरला भेटा, किल्ल्या त्याच्याकडे. हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं. आपला गणपती अजूनही त्याच हॉलमध्ये बसतो!

मुलीच्या शाळेत ११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिनची मिरवणूक निघते. अंधार पडला की पोरं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत चालतात. चौकाचौकांत पिवळी जाकिटं घालून उभे राहणारे पालक नेहमीच कमी पडतात. नाव द्या. मुलांसोबत नियमित काम करायचं असेल तर गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला मागतात. संस्थेचं पत्र नेलंत तर स्वयंसेवकांना त्याची फी पडत नाही. नगरपालिकेच्या काउंटरवरच्या बाईंना हे ठाऊक असेलच असं नाही, पत्र पुढे करायचं.

प्रेषक: खजिनदार

काकूंचं सगळं पटतं, आणि तरीही थोडं चिडून लिहितोय.

सगळे गावची भांडी घासायला गेले तर घरची कोण घासणार? आपलंही मंडळ नोंदणीकृत आहे. नोंदणीला किमान सात सभासद लागतात, ते मिळाले होते. आज मोदकाच्या पंगतीला हॉल कमी पडतो आणि वार्षिक सभेला पहिली रांगही भरत नाही. साधारण दर तीन वर्षांनी फिनान्सआम्टला, म्हणजे कर कार्यालयाला, हिशेब दाखवावे लागतात, नाहीतर धर्मादाय म्हणून मिळालेली करमाफी जाते. हिशेब तपासनीस कार्यकारिणीतला चालत नाही, आणि बाहेरचं कोणी तयार होत नाही. शनिवारची मराठी शाळा दोन ताया ओढतायत. त्यातली एक आजारी पडली की शाळेला सुट्टी.

मूल इथल्या कंदिलांच्या गाण्यांत रमतं, छानच आहे. पण 'ळ' म्हणायला त्याला मंडळाशिवाय कोण शिकवणार?

प्रेषक: एका सभासदाचे वडील, वाशी

मुलाने मला या यादीत घातलं आहे. वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहितो.

आम्ही वाशीला आलो तेव्हा रेल्वे नव्हती. ती १९९२ साली आली. तोवर खाडीपूल ओलांडायला बस, आणि रात्री उशीर झाला की देव आठवायचा. कॉलनीत सातारचे, कोकणातले, गिरगावातून उठून आलेले, तमिळ, मल्याळी, सगळेच परके. म्हणून जमलं. पाणी, बस, दवाखाना यासाठी सिडकोच्या कचेरीत मिळून जायचो, आणि त्यातूनच सत्यनारायण नि गणपती सुरू झाले. आधी अर्ज, मग आरती.

पण ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर ही कॉलनी उभी राहिली, ती आगरी-कोळी गावं पाच मिनिटांवर होती. त्या गावांच्या जत्रेला कॉलनीतून जाणारी माणसं थोडीच. जी गेली, त्यांच्या मुलांना गावातल्या पोरांच्या टीममध्ये क्रिकेट मिळालं, लग्नाची आमंत्रणं आली. बाकीचे चाळीस वर्षं शेजारी राहूनही 'कॉलनीवाले'च राहिले.

खजिनदारसाहेबांचं दुखणं खरं आहे. आमच्याकडेही सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला माणूस मिळत नाही, तिथे अंतराचा काही संबंध नाही. पण परगावी तुम्ही आलात, ते नाहीत. पहिलं पाऊल आपणच टाकायचं असतं.

प्रेषक: माजी कार्यवाह, ठाणे

वाशीच्या काकांना नमस्कार. खजिनदारांना एवढंच: तुमची तक्रार मी कार्यवाह असतानाही होती, तेव्हा फाइल माझ्याकडे होती. मराठी शाळेला फुकटात वर्ग मिळाला तो मुख्याध्यापकबाई आपल्या दोघीतिघींना पालक समितीवरून ओळखत होत्या म्हणून. घरची आणि गावची भांडी एकाच मोरीत पडतात हो.

प्रेषक: नवीन सभासदांची पत्नी, नेरूळ

मिसेसना काय करायला लावायचं यावर तीन मेल झाले, म्हणून आता मिसेसच लिहितेय.

मी बारा वर्षं अकाउंट्समध्ये आहे. तपासनीस म्हणून माझं नाव चालेल का, त्यासाठी सभासद होऊन किती दिवस व्हावे लागतात? जर्मनमधल्या पावत्या वाचता येतील, बोलायचं नंतर बघू. मेळ्याच्या भांड्यांसाठीही नाव लिहा. काकू, ती बशांची गाडी कोणत्या महिन्यात येते? मराठी शाळेचं मात्र आत्ताच कबूल करत नाही, आधी मुलगी तिथल्या शाळेत रुळू दे.

प्रेषक: खजिनदार

वहिनी, सभासद असलात की झालं, मुदतीची अट नाही. निवड मार्चच्या सर्वसाधारण सभेत होते, त्यामुळे वेळेत पोचताय. सभासदत्वाचा फॉर्म तुम्हाला वेगळा पाठवतो. हिशेबाच्या फायली मेलवर पाठवणार नाही, त्यात लोकांचे बँक खाते नंबर आहेत. आल्यावर घरी या, तीन बॉक्स फाइल आहेत, गाडी घेऊन आलात तर बरं.

बाकीच्यांना विनंती: हॉलचा तक्ता याच महिन्यात ठरतोय. गणपतीच्या तारखांबद्दल ज्यांना बोलायचंय त्यांनी मला एकट्याला लिहा, 'सर्वांना उत्तर' दाबू नका.