‘सांस्कृतिक विविधता आणि माझी पार्श्वभूमी’ : निपाणीकडच्या मुलीने काय लिहावे?

दूधगंगाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी बेळगावातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असून समाजशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. या सत्रात आम्हाला ‘सांस्कृतिक विविधता आणि माझी पार्श्वभूमी’ या विषयावर दीर्घ निबंध लिहायचा आहे. वर्गातील बहुतेकांचे निबंध मी वाचले. कुंदा आणि मांडे, शिवजयंतीचे चित्ररथ, राज्योत्सवाची मिरवणूक, सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा यांची वर्णने झाली की त्यांतील विविधता संपते. हे सारे मलाही प्रिय आहे, पण माझ्या घरात जे घडते ते अशा यादीत मावत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

माझे गाव निपाणी तालुक्यात आहे. वडिलांच्या घरी मराठी बोलतात. आई अथणीकडची असून तिचे माहेर पूर्णपणे कानडी आहे. आम्ही जैन आहोत आणि आमच्यात अशा सोयरिकींचे कोणाला नवल वाटत नाही. कोल्हापूर-सांगलीपासून चिकोडी-अथणीपर्यंत स्थळ पाहताना घराणे, शेती आणि शिक्षण यांची चौकशी आधी होते, भाषेची नंतर. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मुनिमहाराजांचे प्रवचन कधी कानडीत असते, कधी मराठीत, आणि मध्येच ते हिंदीकडे वळले तरी कोणी उठून जात नाही. आई हिशेब कानडीत करते आणि देवाचे म्हणणे दोन्ही भाषांत म्हणते. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले, शाळेत कानडी हा विषय होता, आणि आता सर्व अभ्यास इंग्रजीतून आहे.

माझ्या दोन अडचणी आहेत. पहिली सीमाप्रश्नाची. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, माझे मामा त्यांच्या गावात कन्नडिगांचा लाल-पिवळा ध्वज लावतात आणि त्याच दिवशी माझे चुलते, बेळगाव महाराष्ट्रात नाही याच्या निषेधार्थ निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीला बेळगावात जातात. दोघेही मला जवळचे आहेत आणि दोघेही मनापासून तसे करतात. हे निबंधात आणावे का, की त्यामुळे निबंधाचे पत्रक होईल? दुसरी अडचण अशी की, घरातील ही सरमिसळ मी ‘विविधता’ म्हणून गौरवाने मांडली, तर ते चित्र खरे ठरेल का?

निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

आपला प्रश्न वाचून समाधान वाटले. सीमाप्रश्न अवश्य आणावा, मात्र भावनेच्या आधी त्यातील घटनाक्रम आणावा, कारण आपल्या गावाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. पुढे १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे सुचवले, परंतु निपाणी, खानापूर आणि नंदगड महाराष्ट्राला द्यावेत, तर जत, अक्कलकोटकडची गावे म्हैसूरला द्यावीत, असेही सांगितले. महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही, आणि २००४ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. म्हणजे आपले चुलते आणि मामा ज्या प्रश्नावरून वेगवेगळ्या बाजूंना उभे आहेत, त्याच्या एका कागदोपत्री उत्तरात आपले गाव आज आहे त्याहून वेगळ्या राज्यात असते.

आणखी एक गोष्ट विद्यार्थी सहसा लिहीत नाहीत, पण ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ ची पुनर्रचना घटनेत आणली, तिनेच घटनेत ३५० अ आणि ३५० ब हे अनुच्छेदही घातले. पहिल्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांवर सोपवला आणि दुसऱ्याने त्यांच्यासाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. सीमा कोठेही आखली तरी तिच्या दोन्ही अंगांना दुसऱ्या भाषेची माणसे राहणार, हे घटनेने तेव्हाच गृहीत धरले होते. आपण मराठी माध्यमात शिकलात तो कोणाचा उपकार नव्हे, त्यामागे ही तरतूद उभी आहे. या आधारावर लिहिलेत तर पत्रक होण्याची भीती राहणार नाही.

जतकर

मी सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या पूर्व भागातला आहे. आमच्या घरी कानडी बोलतात आणि माझी प्राथमिक शाळा कानडी माध्यमाची होती, महाराष्ट्रातच. मराठी मी बाजारात आणि नंतर महाविद्यालयात शिकलो, आणि आज ती मला इतकी जवळची आहे की हे उत्तर मी तिच्यातच लिहीत आहे. आपल्याकडे मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला सरकारी कार्यालयातील कानडी फलकासमोर जे वाटते, तेच मला तालुक्याच्या कचेरीत मराठी अर्ज भरताना वाटत असे. वरच्या सरांनी जत-अक्कलकोटचा उल्लेख केला म्हणून सांगतो, आमच्याकडील काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली तेव्हा मूळ दुखणे पाण्याचे होते. वृत्तपत्रांनी ते भाषेचे करून टाकले. आपल्या निबंधात सीमेपलीकडील एखाद्या अशा गावाचा परिच्छेद असावा, अशी माझी मनापासून विनंती आहे, कारण आपली मराठी ज्या ठिकाणी अल्पसंख्य आहे तेथून थोड्याच अंतरावर ती बहुसंख्यांची भाषा होते.

वडगावची वाचक

पहिल्या अडचणीवर दोन्ही उत्तरे चांगली आहेत. मला दुसरीबद्दल लिहायचे आहे, आणि ते थोडे टोचले तर क्षमा असावी, कारण तुझ्या प्रश्नात प्रामाणिकपणा दिसला म्हणूनच लिहीत आहे.

तुझ्या घरात मराठी आणि कानडी एका ताटात जेवतात, हे खरे आणि सुंदर आहे. पण ते कशामुळे शक्य झाले? तुम्ही दोन्हीकडे एकाच समाजाचे आहात म्हणून. अथणीची कानडी मुलगी निपाणीच्या मराठी घरात सून म्हणून सहज आली, पण त्याच गावातील, तीच मराठी बोलणाऱ्या, वेगळ्या जातीच्या घरात ती इतक्या सहज गेली असती का? आमच्या भागातील बहुतेक समाजांत हे असेच आहे. लिंगायतांत मराठी बोलणारी घरे आहेत, आणि त्यांच्या सोयरिकी कानडी बोलणाऱ्या लिंगायतांशी होतात. आपल्याकडे भाषेची वेस पुष्कळ वेळा ओलांडली जाते, जातीची फार क्वचित. तू फक्त पहिली गोष्ट लिहिलीस, तर वाचणाऱ्याला वाटेल की बेळगावात सारे काही मिसळून गेले आहे. दुसरी गोष्टही लिहिलीस, तरच तुझ्या घरातील मिसळण्याचा नेमका अर्थ कळेल.

मी वडगावात, मागाच्या आवाजात वाढले. आमच्या शेजारचे शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, म्हणजे एकाच गावासारख्या दिसणाऱ्या वस्तीत ब्रिटिश मुलूख आणि संस्थान अशी सरहद्द होती, आणि तीही भाषेची नव्हती. आमच्या गल्लीत दखनी उर्दू बोलणारी मुसलमान कुटुंबे होती. ती माणसे आमच्याशी मराठीत, विणकर सावकाराशी कानडीत आणि घरात दखनीत बोलत. तीन भाषा येणारी ती मुले शाळेत मात्र मागासलेली ठरवली जात, कारण परीक्षेच्या भाषेत ती कच्ची होती. एका शिक्षकांनी माझ्या मैत्रिणीला सर्वांसमोर ‘तुला एकही भाषा धड येत नाही’ असे म्हटले होते, आणि ते वाक्य मला आजही सहन होत नाही. सीमाप्रश्नाच्या चर्चेत हे लोक मोजलेच जात नाहीत. मराठी आणि कानडी या दोघांच्याच वादातून आपली ओळख घडली, असे लिहू नकोस. तुझ्या निपाणीत विडी वळणाऱ्या बायका कोण होत्या, त्या घरी काय बोलत होत्या, हे एकदा विचारून पाहा. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच तंबाखूवर हात काळे करणाऱ्या बायकांचा इतिहास क्वचितच कोणी सांगते.

दूधगंगाकाठ

ताई, आपले उत्तर मी आईला वाचून दाखवले. तिने सांगितले की तिच्या लग्नाच्या आधी तिच्या शाळेतील एका मैत्रिणीचे लग्न जातीबाहेर ठरत होते आणि ते मोडले गेले. दोन्ही घरे कानडीच होती. हे मला कधीच माहीत नव्हते. मैत्रिणीचे नाव-गाव न घालता हा प्रसंग निबंधात घ्यायला आईची परवानगी आहे.

आता एक प्रश्न राहतो. आमच्या जैन परंपरेतील बहुभाषिकतेबद्दल लिहायचे, तर ते कौतुक करून सोडून द्यावे, की ताईंनी म्हटले त्याच कसोटीवर तेही घासावे?

निवृत्त शिक्षक, टिळकवाडी

घासावे, पण आधी ते नीट मांडावे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ मध्ये रट्ट राजाच्या एका मंत्र्याने बांधली, आणि त्याच किल्ल्यात सफा मशीद आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी, ती मूर्ती घडवून घेणाऱ्या चामुंडरायाचे लेख कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेले आहेत. एखादे देवस्थान दुरून येणाऱ्या यात्रेकरूशी त्याच्याच भाषेत बोलते, ही त्यामागची व्यवहारी गोष्ट आहे. यात्रेकरू कोणत्या भाषेतले आहेत याचा विचार तेथे झाला. ते कोणत्या जातीचे आहेत, आणि आत कोण येऊ शकत होते, हा प्रश्न तो लेख विचारत नाही, तो आपण विचारावा.

आणि जनगणनेच्या प्रपत्रावर मातृभाषेचा एक रकाना असतो, शिवाय येणाऱ्या इतर दोन भाषांची नोंद होते, हेही पाहून घ्यावे. आपल्या आईचे, मामांचे आणि चुलत्यांचे उत्तर त्या रकान्यांत काय असेल, ते तिघांनाही वेगवेगळे विचारून निबंधाच्या सुरुवातीला लिहा. नंतर वडगावच्या ताईंनी सांगितलेल्या विडी कामगार बायकांकडे जा, आणि शक्य झाल्यास त्यांनाही हाच प्रश्न विचारा.