‘सवलत’, ‘सोय’ की आणखी काही?

फोंड्याची शिक्षिका

नमस्कार. माझी अडचण साधी आहे, पण तिच्यावर आमच्या स्टाफरूममध्ये चार दिवस चर्चा होऊनही निष्पन्न काही झाले नाही, म्हणून ती इथे मांडते. ज्या मुलांना वाचणे, लिहिणे, ऐकणे किंवा एका जागी लक्ष देणे जड जाते, त्यांच्यासाठी शाळा काय काय करील हे सांगणारे पत्र पालकांना मराठीतून पाठवायचे आहे. मसुदा इंग्रजीत आला आणि त्यात ‘रीझनेबल अ‍ॅकॉमोडेशन’ हा शब्दप्रयोग पाच वेळा आहे. एका सहकाऱ्याने तो मजकूर भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घातला, तेव्हा ‘शाळा आपल्या पाल्यासाठी वाजवी निवासव्यवस्था करील’ असे वाक्य बाहेर पडले. पर्यटकांच्या गोव्यात हे वाक्य वसतिगृहाची जाहिरात म्हणून खपून गेले असते. मग मी स्वतः ‘सवलत’ लिहिले, कारण आम्ही शिक्षक आपापसांत रोज तोच शब्द वापरतो.

कच्ची प्रत चार पालकांना वाचायला दिली. पाचवीतल्या एका मुलाची आई, जी बाजारात फुले विकते, दुसऱ्या दिवशी चार घड्या घातलेला तो कागद पर्समधून काढून माझ्यापुढे ठेवत म्हणाली, “टीचर, आमकां सवलत नाका. फी हांवें फारीक केल्या.” (म्हणजे फी मी भरली आहे.) मी तिला समजावले की हा फीचा प्रश्न नसून मुलाला पेपरासाठी जास्त वेळ आणि मोठ्या अक्षरातला कागद देण्याचा आहे, तेव्हा ती आणखीच गंभीर झाली: “मागीर लोक म्हणटले, तो फुकट पास जालो.” म्हणजे शब्द एकदा चुकीचा कळला म्हणून नडला आणि बरोबर कळला तेव्हाही नडलाच.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘रीझनेबल अ‍ॅकॉमोडेशन’ या संज्ञेची व्याख्या आहे. इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत म्हणून, करणाऱ्यावर अवाजवी बोजा न टाकता, त्या त्या प्रसंगी केलेले आवश्यक आणि योग्य फेरफार, असा तिचा आशय आहे. हे सगळे पेलणारा आणि त्या आईला न दुखावणारा मराठी शब्द कोणाला सुचतो का?

जुन्या कोशांचा वाचक

बाई, आपण ‘सवलत’ उगाच सोडून देत आहात असे मला वाटते. हा शब्द अरबी ‘सुहूलत’ वरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘सोपेपणा’ एवढाच आहे. हिंदीतली ‘सहूलियत’ याच घरातली. मेहेरबानी किंवा दयेचा वास त्याला मुळात नव्हता. एखादी गोष्ट सुलभ करून देणे म्हणजे सवलत, आणि कायद्याला तरी दुसरे काय हवे आहे? शब्द बदलण्याऐवजी पालकांना शब्दाचा खरा अर्थ सांगावा.

म्हापशाचा व्यापारी

कोशवाल्यांनी रागावू नये, पण मी कापडाच्या दुकानात तीस वर्षे बसलो आहे आणि चतुर्थीच्या आधी दुकानावर ‘खास सवलत’ असा फलक लावला की गिऱ्हाईक काय समजते हे मला ठाऊक आहे. किंमत होती तीच आहे, दुकानदाराने आपल्या खिशातले थोडे सोडले, असे ते समजते. हा अर्थ अरबस्तानातून आलेला नाही, तो आम्ही दुकानदारांनी घडवला आणि आता तोच चलनात आहे. फुलवाल्या बाईने शब्द बरोबरच वाचला. चूक तिची नाही, पत्राची आहे.

शुद्धतेचा आग्रही

या गोंधळाचे मूळ परके शब्द आहेत. ‘सवलत’ अरबी, ‘वाजवी’ अरबी ‘वाजिब’ वरून आलेला, आणि आता कोणी ‘मुभा’ सुचवील तर तोही अरबीच, ‘मुबाह’ म्हणजे ज्याला परवानगी आहे ते. संस्कृताधारित ‘यथोचित अनुकूलन’ ही संज्ञा नेमकी आहे. तिच्यात देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष नाहीत, केवळ परिस्थिती मुलाला अनुकूल करून घेणे आहे. ऐकायला अवघड वाटते हा आक्षेप मी मानत नाही, कारण ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ हे शब्दही एकेकाळी जिभेवर अडत असत.

सावंतवाडीहून आलेला मास्तर

‘अनुकूलन’ निदान निरुपद्रवी आहे. आमच्या गटात एकाने ‘समायोजन’ सुचवले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. महाराष्ट्रात नोकरी केलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. ‘अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन’ म्हणजे पटसंख्या घटली म्हणून तुम्हाला उचलून दुसऱ्या शाळेत टाकणे. तो शब्द मुलाच्या पत्रात दिसला तर मी आधी त्या मुलाची बदली कोठे झाली हे विचारीन.

डिचोलीची विशेष शिक्षिका

मी गेली काही वर्षे अशाच मुलांबरोबर काम करते, म्हणून एक दृश्य सांगते आणि मग मूळ शब्दाकडे येते. माझ्याकडच्या एका मुलाला वाचताना ओळ सापडत नाही. तिसऱ्या ओळीवरून पाचवीवर उडी जाते, मग तो घाबरतो आणि अंदाजाने शब्द बनवू लागतो. मी घरातली जुनी लग्नपत्रिका घेतली, तिच्या जाड कागदात एका ओळीएवढी आडवी फट कापली आणि ती पुस्तकावर ठेवून खाली सरकवायला त्याला शिकवले. फटीतून एकच ओळ दिसते, बाकीचे पान झाकलेले राहते. पत्रिकेवरच्या सोनेरी गणपतीला धक्का लावायचा नाही म्हणून फट थोडी खालीच घेतली आहे, त्यामुळे त्याच्या हातात ती नेहमी गणपती वर करून असते. वर्गातल्या मुलांनी तिचे नाव ‘जनेल’ ठेवले. आता ज्याला हवे तो “टीचर, म्हाका जनेल दी” म्हणून मागून घेतो, आणि त्यात अशी कोणतीही अडचण नसलेली दोन-तीन मुलेही आहेत. त्या मुलाला कोणी सवलत मिळाली असे म्हणत नाही.

म्हणून माझे मत असे की मोठा शब्द टाळावा आणि पत्रात थेट काय करणार ते लिहावे. मात्र एक मुद्दा शब्दप्रेमींसाठी राखून ठेवला होता. केंद्र सरकारच्या लेखी परीक्षांविषयीच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे स्पष्ट म्हटले होते की ‘एक्स्ट्रा टाइम’ हे शब्द बदलून ‘कॉम्पेन्सेटरी टाइम’ म्हणावे, आणि तो तासाला किमान २० मिनिटे असावा. २०१८ च्या सूचनांतही हीच संज्ञा आहे. तीन तासांच्या पेपराला एक तास. दिल्लीतल्या कार्यालयालाही जाणवले की ‘जादा’ म्हटले की उरलेल्या वर्गाला आपले काही कमी झाल्यासारखे वाटते. मग आपण ‘जादा वेळ’, ‘वाढीव वेळ’ का लिहीत राहतो? ‘भरपाईचा वेळ’ म्हणायला काय हरकत आहे?

पुण्यातला पाहुणा

‘जनेल’ म्हणजे काय हे कृपया सांगावे.

डिचोलीची विशेष शिक्षिका

खिडकी. पोर्तुगीज ‘जानेला’ वरून. गोव्यात मराठी बोलणाऱ्या घरांतही तोच शब्द चालतो.

निवृत्त मुख्याध्यापक

‘भरपाई’ हा शब्द अपघातानंतर किंवा पूर आल्यावर मिळणाऱ्या पैशांसाठी वापरला जातो, तेव्हा त्यातही नुकसान आधी गृहीत धरलेले आहे याचा विचार करावा. आमच्या काळी अशा मुलांसाठी एकच अक्षर होते, ते म्हणजे ‘ढ’. हे मी अभिमानाने सांगत नाही, उलट आता खंत वाटते, पण त्या अक्षरामागे एक मौज आहे. ब्राह्मी लिपीतली बहुतेक अक्षरे हजारो वर्षांत ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, मात्र ‘ढ’ डोक्यावर रेघ घेण्यापलीकडे जसाच्या तसा राहिला. ज्याच्यात काही प्रगतीच झाली नाही तो ‘ढ’, असे आम्हाला आमच्या गुरुजींनी सांगितले होते.

जुन्या कोशांचा वाचक

अक्षराच्या आकाराविषयी आपण म्हणता ते खरे आहे. अशोकाच्या शिलालेखांतला ‘ढ’ आजही वाचता येतो. पण वर्गातल्या ज्या पोराला हे नाव चिकटले, ते ठेवणाऱ्यांना ब्राह्मी येत होती असे मानायला काही आधार नाही. ब्राह्मी लिपी उलगडली गेली तीच १८३७ च्या सुमारास, जेम्स प्रिन्सेप यांच्या हातून. ‘ढब्बू’, ‘ढम्म’, ‘ढिम्म’ यांतला जड आवाज कानाशी धरला तर लिपीपर्यंत जायची गरजच पडत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

हा आपला तर्क झाला. माझी निदान ऐकीव परंपरा आहे.

शुद्धतेचा आग्रही

दोन्ही तर्कच आहेत. पण ‘ढ’ पासून ‘मतिमंद’, तिथून ‘गतिमंद’, मग ‘विशेष मूल’ आणि आता ‘दिव्यांग’ असा जो प्रवास झाला त्यावरून एवढे दिसते की शब्द बदलून वागणूक बदलत नाही. ‘दिव्यांग’ २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवला आणि पुढच्याच वर्षी खात्याच्या हिंदी नावात शिरला. दिव्य अंग कोणाचे आहे? माझ्या चुलतभावाला ऐकू येत नाही आणि त्याला या शब्दाची चीड आहे.

म्हापशाचा व्यापारी

आणि तरीही आपल्याला ‘यथोचित अनुकूलन’ हवे आहे.

फोंड्याची शिक्षिका

‘दिव्यांग’ चा वाद स्वतंत्रपणे घालावा अशी विनंती, कारण माझे पत्र शुक्रवारी जायचे आहे. मुख्याध्यापक सरांचा ‘भरपाई’ वरचा आक्षेप मला पटला. पण डिचोलीच्या बाईंच्या सूचनेतही अडचण आहे. सगळ्या गोष्टी नावानिशी लिहिल्या की पालक तेवढ्याच गोष्टी मागतात. मोठा छपाईचा कागद लिहिला आणि मुलाला हवी असेल खिडकीपासून दूरची, गोंगाट नसलेली जागा, तर ती यादीत नाही म्हणून राहून जाते. कायद्यातली संज्ञा मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे, कारण प्रत्येक मुलाचे वेगळे असते. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारल्याच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच संज्ञेचा आधार घेऊन सांगितले की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला ही पूर्वअट असू शकत नाही. यादीने हे साधत नाही, म्हणून एक शब्द हवाच.

आणखी एक काटा आहे. पाचवीला आमच्याकडे बहुतेक मुलांचे माध्यम मराठी किंवा कोकणीवरून इंग्रजीवर जाते, आणि तोपर्यंत पाठांतरावर निभावलेले मूल नव्या लिपीपुढे एकदम उघडे पडते. कायद्याच्या सतराव्या कलमात दुसऱ्या-तिसऱ्या भाषेपासून मोकळीक देण्याचा उल्लेख आहे. ती आम्ही पत्रात ‘भाषेची माफी’ अशी लिहिली होती. मुलाच्या आजोबांनी विचारले, “माफी कित्याक? ताणें गुन्यांव कसलो केला?” ‘सूट’ लिहावे तर पुन्हा कापडाचे दुकान आले.

काणकोणची गृहिणी

मी शिक्षिका नाही, पण ‘सोय’ का नको हे मला कळत नाही. ‘बसायची सोय केली’, ‘पाण्याची सोय केली’ यात उपकार नाहीत, करणाऱ्याचे ते कर्तव्यच असते. पाहुणा आला की सोय करावी लागते. मला तर ‘सोयरा’ आणि ‘सोय’ एकाच मुळातले वाटतात.

जुन्या कोशांचा वाचक

‘सोयरा’ विषयी पुरावा असल्यास द्यावा. एरवी शब्द चांगला आहे.

पेडण्याचा स्वयंपाकी

शब्द चांगला आहे, पण आमच्या भागात सोय म्हणजे आधी खवलेला नारळ. ‘शाळा आपल्या मुलासाठी योग्य ती सोय करील’ हे वाक्य माझ्या आईने वाचले तर ती विचारील, माध्यान्ह आहाराच्या भाजीत का?

काणकोणची गृहिणी

आमच्याकडेही खवलेला नारळ म्हणजे सोयच. तरी ‘बसायची सोय’ म्हटल्यावर आजवर कोणी नारळावर बसलेले नाही.

म्हापशाचा व्यापारी

इतके दिवस वाद घालण्यापेक्षा ‘अ‍ॅकॉमोडेशन’ च ठेवावे. पणजीत २०२३ च्या जानेवारीत दिव्यांगांसाठीचा पहिला पर्पल फेस्ट झाला. तो सगळ्यांनी पर्पल फेस्ट म्हणूनच ओळखला, कोणी ‘जांभळा महोत्सव’ म्हणाल्याचे माझ्या कानावर नाही.

शुद्धतेचा आग्रही

तो उत्सवाचा फलक होता, हे एका आईला लिहिलेले पत्र आहे. विशेषनाम आणि संज्ञा यांत फरक असतो.

फोंड्याची शिक्षिका

सर्वांचे आभार. पत्र काल गेले. शीर्षकात ‘शिकण्यासाठी मुलाला लागणारी सोय’ असे लिहिले, त्याखाली ‘ही मागणे आपला हक्क आहे’ अशी ओळ घातली, आणि उदाहरणे देऊन ‘याखेरीज काही लागल्यास सांगावे’ असे जोडले. ‘रीझनेबल’ चे काय करायचे ते मला सुचले नाही. ‘वाजवी’ वाचले की खोलीचा दर आठवतो, म्हणून तो शब्द गाळला, आणि आता कायद्यातली बोजाची अट पत्रात कोठेच उरली नाही याची रुखरुख लागली आहे. कोणाला पर्याय सुचल्यास पुढच्या वर्षीच्या पत्रासाठी अवश्य सांगावा.

फुले विकणारी आई आज सकाळी येऊन सही करून गेली. उदाहरणांत मी डिचोलीच्या बाईंची खिडकी घातली आहे. तिने फक्त तेवढ्याबद्दल विचारले, आणि घरी कापता येईल का म्हणाली.

पुण्यातला पाहुणा

‘जनेल’ मराठीत वापरताना तुम्ही कोणत्या लिंगात वापरता? ‘ते जनेल’ की ‘ती जनेल’? आणि अनेकवचन काय करता?

निवृत्त मुख्याध्यापक

कोकणीत नपुंसकलिंगी, ‘तें जनेल, तीं जनेलां’. मराठीत मी ‘जनेले’ म्हणत आलो आहे.

काणकोणची गृहिणी

‘जनेले’ मी आजवर ऐकलेले नाही. आम्ही घरात मराठी बोलतानाही ‘जनेलां’ च म्हणतो.