एका हाताने दाढी: केस राठ, मुलाला स्वतःची स्वतः करायची आहे

खानापूरकडची आई

नमस्कार. मुलगा २४ वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, उजवी बाजू आखडलेली. डावा हात चालतो, पण बारीक कामात थरथरतो. सांगितलेलं समजतं, दोन गोष्टी एकदम सांगितल्या की गोंधळतो. दाढी दाट, काथ्यासारखी राठ, दोन दिवसांत खुंट टोचायला लागतात. आतापर्यंत वडील रेझरने करत आले. आता तो रेझर हातातून ओढून घेतो, "मी करतो" म्हणतो. करू दिलं की हनुवटीला कापतं, गळ्यावर पुटकुळ्या उठतात. जाळीचा इलेक्ट्रिक शेव्हर आणला, तर तो केस ओढतो आणि मुलगा मान मागे घेतो. बोअरचं पाणी, साबणाला फेस नाही. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. फिट्स लहानपणी यायच्या, गोळी अजून चालू आहे. मशीन कुठलं घ्यायचं आणि शिकवायचं कसं, सविस्तर सांगा.

वस्तरा_शहापूर

ताई, शेव्हर बिघडलेला नाही, त्याला काम चुकीचं दिलंय. जाळीच्या भोकात आखूड, उभा खुंटच नीट शिरतो. दोन दिवसांचा राठ केस वाकतो, अर्धवट आत जातो, आणि पातं तो कापायच्या आधी ओढतं. चार्जिंग उतरलेलं असेल तर मोटर मंदावते आणि जास्तच ओढतं. शिवाय जाळी पातळ असते. शेव्हर एकदा हातातून पडून तिला पोचा बसला की तिथेच कातडी कापते. थरथरत्या हाताला ते यंत्र पहिलं देऊ नका.

ट्रिमर घ्या आणि कंगवा काढून चालवा. साधारण अर्धा ते एक मिलिमीटर खुंट राहतो, चेहरा स्वच्छ दिसतो, कापायची भीती फार कमी. गुळगुळीत दाढीचा हट्ट सोडा, निदान पहिले तीन-चार महिने. घेताना दातांची टोकं बोटाने चाचपून बघा, गोलसर हवीत. सलूनमधली झिरो मशीन घेऊ नका. तिची दोन्ही पाती अगदी काठाला काठ लावलेली असतात, जरा तिरकी धरली की कातडीवर ओरखडा उठतो. चार्जिंगची, हलकी, आणि बटण अंगठ्याने पुढे सरकवायचं असेल अशी बघा. दाबून धरायचं बटण नको.

गळ्यावरच्या पुटकुळ्यांचं कारण रेझर. दोन-तीन पात्यांचा रेझर राठ, वळणदार केस कातडीच्या खाली कापतो. टोक तिरकं, अणकुचीदार होतं आणि वाढताना वळून परत कातडीत घुसतं. ट्रिमर कातडीच्या वर कापतो, म्हणून हा प्रकार तीन-चार आठवड्यांत उतरायला लागतो. तोवर गळ्याला रेझर लावू नका आणि रुतलेले केस सुईने उकरू नका. पू दिसला तर चामडीच्या डॉक्टरांना दाखवा.

ट्रिमर कोरड्या चेहऱ्यावर, म्हणजे अंघोळीच्या आधी. घाम असेल तर पंख्याखाली पाच मिनिटं बसवा, ओलसर कातडीवर मशीन अडखळते. पाणी लागतच नाही, त्यामुळे बोअरच्या पाण्याचा प्रश्नही मिटला. मशीन कातडीवर चपटी टेकवायची. कोपरा टोचला की दुखतं, आणि एकदा दुखलं की तो पुढे हात लावू देणार नाही.

ओटी_टिळकवाडी

मशीनबद्दल वर बरोबर सांगितलंय. मी बैठकीचं आणि शिकवण्याचं सांगते, कारण बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडते.

उभं राहून दाढी नको. हात असलेली खुर्ची, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, पाठ टेकलेली. समोर टेबल. टेबलाची उंची अशी मोजा: डावं कोपर टेबलावर टेकवून मूठ हनुवटीला लागली पाहिजे, आणि खांदा वर उचलला जाता कामा नये. टेबल खाली पडत असेल तर कोपराखाली पाट किंवा चौरंग ठेवा, वर टॉवेलची घडी. थरथर खांद्यापासून येते. कोपर टेकलं की तिची झेप मनगटापुरती उरते. उजवा हातही टेबलावरच, पंजा टॉवेलवर. तो मांडीवर लोंबकळत ठेवला तर डाव्या हाताने जोर लावला की उजवी मूठ आवळते आणि सगळं अंग तिकडे झुकतं.

मान मागे टाकायला सांगू नका. या मुलांत बऱ्याचदा डोकं मागे गेलं की पाठ ताठ होते आणि मुलगा खुर्चीतून पुढे घसरतो. गळ्यासाठी हनुवटी दोन बोटं वर उचलली तरी पुरे.

मोकळा दुसरा हात नाही, म्हणून कातडी ताणायचं काम तोंडानेच करायचं. गालासाठी आतून जीभ लावून गाल बाहेर ढकलायचा, किंवा गाल फुगवायचा. वरच्या ओठासाठी ओठ दातांवर ओढून घ्यायचा. हे आरशासमोर मशीन न घेता चार दिवस खेळासारखं करून घ्या.

पकड: एसी बसवणाऱ्यांकडे तांब्याच्या नळीवरची काळी फोमची नळी मिळते, वीतभर पुरते. ती उभी चिरून मशीनच्या दांड्यावर चढवा, बटण उघडं ठेवा. जाडी साडेतीन-चार सेंटीमीटर झाली की बोटांना आवळावं लागत नाही. त्यावर अडीच सेंटीमीटर रुंद वेल्क्रोचा पट्टा बॅगा शिवणाऱ्याकडून शिवून घ्या, पंजाभोवती बसेल असा. हातातून सुटलं तरी खाली पडणार नाही.

आता शिकवणं. शेवटाकडून शिकवा. दाढीचा क्रम उलटा लावा: गळा, हनुवटी, वरचा ओठ, उजवा गाल, आणि सगळ्यात शेवटी डावा गाल, जो त्याच्या चांगल्या हाताला सगळ्यात सोपा. पहिल्या आठवड्यात पहिले चार भाग तुम्ही करा, डावा गाल त्याने. म्हणजे दाढी रोज त्याच्या हाताने पुरी होते. सलग चार-पाच दिवस न सांगता जमलं की उजवा गालही त्याच्याकडे द्या. मग वरचा ओठ, मग हनुवटी. गळा शेवटी, त्याला दोन-तीन महिने लागले तरी चालेल.

मदत करताना मनगट धरू नका. मागे उभ्या राहा आणि कोपराला खालून हात लावा. मनगट धरलं की मशीन तुम्ही चालवता, तो फक्त हात देतो. मागून उभं राहिल्याने आरशात दोघांना एकच बाजू दिसते.

शब्द ठरवून घ्या. "वर", "खाली", "थांब", एवढेच. तो डे-केअरला जात असेल आणि तिथे कन्नड बोलत असतील, तर तिथल्या बाईंना हेच तीन शब्द सांगून ठेवा. घरी "खाली" आणि तिकडे "केळगे" असं चाललं तर हात मधेच थांबतो. कार्डं करायची तर फोटोंची करा, त्याच्याच चेहऱ्याचे, कुठल्याही भाषेतला मजकूर नको.

खानापूरकडची आई

फार उपयोगी. आणखी दोन अडचणी. आवाजाला दचकतो. आणि उजव्या गालावर अर्धी दाढी ठेवून "झालं" म्हणतो.

ओटी_टिळकवाडी

आवाज: पहिले तीन दिवस मशीन चालू करून नुसती टेबलावर ठेवा. मग तळहातावर. मग दांड्याची मागची बाजू गालाच्या हाडाला, दहा सेकंद. पात्याची बाजू त्यानंतर. घाई केली तर पुन्हा पहिल्यापासून.

उजवा गाल राहतो, कारण त्या बाजूचं भान कमी असतं, बहुधा स्पर्शही बोथट. नुसतं आरशात बघून चालणार नाही. आरसा थोडा उजवीकडे सरकवा आणि उजेड खिडकीचा समोरून येऊ द्या, पाठीमागून नको. दाढी झाल्यावर डाव्या तळहाताने हनुवटीपासून कानापर्यंत खालून वर हात फिरवायला शिकवा. राहिलेला खुंट डोळ्यांना दिसत नाही, पण उलटा हात फिरवला की टोचतो. "टोचतंय का?" हा प्रश्न त्याला "झालं का?" पेक्षा लवकर कळतो.

मेडिकल_निपाणी

फिटच्या गोळीबद्दल. ती सोडियम व्हॅल्प्रोएट असेल तर काहींच्या प्लेटलेट्स कमी होतात आणि बारीक जखमेचं रक्तही लवकर थांबत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. कुठलीही गोळी असो, फिटचा इतिहास आहे तोवर एकट्याने पात्याचा रेझर नको, आणि ट्रिमर चार्जरला जोडलेला असताना चालवायचा नाही. लाईट जायच्या दिवसांत चार्जिंग रात्री नको, दुपारी लाईट असेल तेव्हा करून ठेवा. यूएसबीवर चार्ज होणारा घेतला तर पॉवर बँकवरही चालतो.

बारीक ओरखडा आला तर स्वच्छ कापडाने दोन मिनिटं दाबून धरा. तुरटी चालते, पण चुरचुरते, त्याला आधी सांगून लावा. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह नको, थोडं खोबरेल पुरे. मशीन त्याची एकट्याची, वडिलांनी वापरायची नाही. रक्तातून पसरणारी कावीळ सामायिक पात्यातूनही जाते.

एक माहिती: कर्नाटकात ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी गावपातळीवरचे पुनर्वसन कार्यकर्ते असतात, व्हीआरडब्ल्यू म्हणतात त्यांना. जवळचा ओटी, म्हणजे रोजची कामं शिकवणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कुठे बसतो, ते त्यांना विचारा.

वस्तरा_शहापूर

साफसफाई राहिली. दाढी झाली की पात्याचं तोंड खाली करून ब्रशने केस झाडायचे, हे पहिल्या दिवसापासून त्याचंच काम. आठवड्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दातांवर, दहा सेकंद चालवायचं, पुसायचं. राठ केसांनी पातं लवकर बोथट होतं. तेल घालूनही ओढायला लागलं तर पातं बदला, जोराने दाबायला शिकवू नका.

आणि ताई, मिशी ठेवायची की काढायची ते त्याला विचारलंत का? ठेवायची असेल तर वरच्या ओठाला तीन मिलिमीटरचा कंगवा लावून मशीन फिरवा. तो भाग निम्मा सोपा होतो.