मदत हवी आहे: ग्रँड पियानोची पट्टी जड लागते, शिसे भरू का?

मधल्या सीची पट्टी जड आहे. उजवा पेडल दाबून, डॅम्पर (तारा गप्प करणाऱ्या गाद्या) उचललेले ठेवून, पट्टीच्या पुढच्या टोकाशी वजने ठेवली. ५८ ग्रॅमला पट्टी सावकाश खाली जाते. खाली गेलेली पट्टी २० ग्रॅम उचलून वर येते. पट्टी १० मिमी दबते, हातोडी तारेपासून ४६ मिमीवर आहे. म्हणजे हातोडी आणि पट्टी यांच्या चालीचे गुणोत्तर ४.६ ना? पट्टीच्या पुढच्या भागात तोलासाठी शिसे भरून ५८ चे ५० करता येतील?

उत्तर १
येतील, पण भरू नका! खाली जाताना बोटाला हातोडीचा भार आणि घर्षण दोन्ही पेलावे लागतात, वर येताना तेच घर्षण पट्टीला अडवते. म्हणून बेरजेचे निम्मे म्हणजे खरा भार: (५८+२०)÷२ = ३९. वजाबाकीचे निम्मे म्हणजे घर्षण: १९. भार ठीक आहे, घर्षण जास्त आहे. मधल्या सप्तकात ते १२ च्या आसपास हवे. शिसे भरलेत तर खाली जायला ५० आणि वर येताना १२ होतील. १२ ला पट्टी इतकी मंद परतते की एकच सूर भरभर वाजवताना मधले ठोके गळतात. घर्षण १२ वर आणलेत तर ५१ आणि २७, शिशाशिवाय.

आधी पट्टीच्या खुंट्यांभोवतीचे बुशिंगचे कापड बघा, दमट हवेत ते फुगून खुंटी आवळते. मग हातोडीची दांडी सोडवा, फ्लँज (दांडी ज्यावर फिरते तो लाकडी तुकडा) धरून हातोडी झुलवा. सहा-सात हेलकावे यायला हवेत. दोन-तीनमध्येच थांबली तर सेंटर पिन (दांडीच्या सांध्यातली बारीक खीळ) घट्ट आहे. तेल कुठेही घालू नका, कापड आणि लाकूड दोन्ही ते पितात.

उत्तर २
गुणोत्तराबद्दल: ४.६ नाही. हातोडी तारेच्या साधारण २ मिमी अलीकडे सुटते आणि त्यानंतरही पट्टी थोडी दबतेच, त्यामुळे पूर्ण १० ने भागून चालत नाही. पट्टी नेमकी ६ मिमी दाबा, हातोडी किती चढली ते मोजा. ३१ मिमी आली तर ३१÷६, म्हणजे ५.२.

हातोडीत १ ग्रॅम वाढला की बोटाखाली सुमारे ५ ग्रॅम वाढतात. पण जोरात वाजवताना त्या १ ग्रॅमचे जडत्व गुणोत्तराच्या वर्गाने येते: ५.२ × ५.२, म्हणजे बोटाला सुमारे २७ ग्रॅम ढकलल्यासारखे! ते शिशाने कमी होत नाही, उलट शिशाचे स्वतःचे जडत्व त्यात मिळते. तोल साधला तरी हात दमतो तो याचमुळे.