लोणी ‘येते’ की ‘काढतात’?

विचारणा : ‘लोणी येणे’ आणि ‘लोणी काढणे’ यांत अर्थाचा काही फरक आहे का? आमची आजी ताक घुसळताना नेहमी ‘लोणी आलं’ असे म्हणे आणि तोवर डेऱ्यापाशी परक्या माणसाला फिरकू देत नसे.

उत्तर : फरक निश्चित आहे, आणि आपल्या आजींच्या त्या सावधपणाशी त्याचा संबंध आहे. ताकावर जमलेले कण हाताने गोळा करून गोळा बांधणे म्हणजे लोणी काढणे. ते माणसाचे काम. त्याआधी मात्र रवी कितीही फिरवली तरी लोणी आपल्या वेळेनेच वर येते, म्हणून तेथे क्रियापद अकर्मक आहे. कडाक्याच्या थंडीत दह्यातील स्निग्धांश कडक राहतो आणि कण एकमेकांना चिकटत नाहीत, तेव्हा कोमट पाणी घालतात. उन्हाळ्यात तो इतका मऊ पडतो की गोळाच बांधला जात नाही, तेव्हा गार पाणी घालतात. एवढे करूनही लोणी आले नाही, तर दोष नजरेवर जाई. म्हणूनच तिन्हीसांजेला विरजण शेजारी देत नसत आणि दूध बाहेर नेताना सोबत कोळशाचा तुकडा ठेवीत. विटाळशीने विरजणाला शिवू नये, असाही दंडक असे. कोशात ‘विटाळशी’ हा शब्द जरूर राहावा, पण ज्या बायकांनी जन्मभर घुसळण केले त्यांनाच दूर बसवणारी ती रीत मला अन्यायाची वाटते.

येथे ‘लागणे’ हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे : दही लागते आणि दृष्टही लागते. दोन्हींत न दिसणारे काही तरी दुधाला स्पर्शून त्याचे रूप पालटते. त्यातले विरजण आपण स्वतःच लावतो, आणि तरीही ‘उत्साहावर विरजण पडले’ असे म्हणतो, कारण ते पडले की दूध दूध राहत नाही.

व्युत्पत्ती मात्र आजींच्या बोलण्याच्या उलट दिशेला जाते. ‘लोणी’ हा शब्द संस्कृत ‘नवनीत’वरून प्राकृत ‘णवणीअ’च्या वाटेने आला, आणि ‘नवनीत’ म्हणजे नुकतेच आणलेले, बाहेर काढलेले. म्हणजे मूळ शब्दात घुसळणारा हात आहे. ‘लोणी आलं’ या वाक्यात तो उरलेला नाही.