सोबतचे आजार नसले तरी वजनाचा धोका असतोच

लठ्ठ व्यक्तींना फ्लू किंवा कोविड जड जातो तो मधुमेह-रक्तदाबामुळे, वजनाचा स्वतःचा त्यात काही वाटा नाही, असं काहीजण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. सोबतचे आजार भर घालतातच. पण २००९ च्या एच१एन१ (स्वाइन फ्लू) साथीत असे कोणतेही आजार नसलेले अतिस्थूल रुग्णही अतिदक्षता विभागात पोचले होते. लठ्ठपणा हा स्वतंत्र धोका आहे, हे तेव्हाच ठळकपणे पुढे आलं.

यातला बराचसा भाग यांत्रिक आहे. पोटातली चरबी श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला) वर रेटते, उताणं झोपल्यावर तर जास्तच. फुफ्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही. म्हणजे धडधाकट असतानाच श्वासाची शिल्लक कमी, आणि त्यात न्यूमोनिया झाला की ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. शिवाय वाढलेल्या चरबीतून आयएल-६ सारखे दाह वाढवणारे रेणू सतत झिरपत असतात.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशातल्या एका अभ्यासात (२०१८) लक्षणं असलेल्या लठ्ठ प्रौढांच्या शरीरातून इन्फ्लुएंझा ए (फ्लूचा) विषाणू लठ्ठ नसलेल्यांपेक्षा ४२ टक्के जास्त काळ बाहेर पडताना दिसला.

म्हणून कळकळीने सांगते, वजन जास्त असेल तर फ्लूची लस टाळू नका. आणि तापात धाप लागली तर ‘वजनामुळे लागत असेल’ म्हणत घरी थांबू नका. ऑक्सिजन मोजा, लगेच दाखवा. धाप वजनावर ढकलण्याची चूक कधीकधी डॉक्टरांकडूनही होते.