फर्स्ट कॉपी घालणारा खरा चाहता नाही?

पेठेतला_गनर: काल इथं एकानं लिहिलं, 'जर्सीची फर्स्ट कॉपी (हुबेहूब नक्कल) घालणारे चाहते नव्हेत, क्लबचे चोर आहेत.' रात्रभर डोक्यात तेच. 2003-04 ला लंडनचं आर्सेनल अख्ख्या इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये हरलं नाही, तेव्हा मी अकरावीत, वडील एसटीत कंडक्टर. मुंबईला मामाकडे गेलो तेव्हा फॅशन स्ट्रीटवर 'ओटू' (क्लबचा तेव्हाचा स्पॉन्सर) छापलेली आर्सेनलची जर्सी घेतली. कॉलर विरली, अजून जपलीय. पगार सुरू झाल्यावर हायबरी या जुन्या मैदानावरच्या शेवटच्या मोसमाची, 2005-06 ची गडद तांबडी जर्सी शोधली. 1913 ला क्लब तिथं आला त्या रंगाची आठवण म्हणून काढलेली. ती ओरिजिनल आहे. पण जीव पहिलीतच जास्त.

ओरिजिनलच_घ्या: ते वाक्य माझंच, आणि मी मागे घेणार नाही. वडिलांची नोकरी मधे आणून उत्तर होत नाही. मीही वर्षाला एकच घेतो, दिवाळीला, पैसे साठवून. क्लबला चार पैसे मिळतात.

ठाण्याचा_युनायटेड: क्लबला? 2003 मध्ये इंग्लंडात जर्सीचे भाव संगनमतानं चढे ठेवले म्हणून दुकानांबरोबर आमच्या मँचेस्टर युनायटेडलाही दंड झाला! वर दर मोसमाला नवी जर्सी. 1996 ला साउदॅम्प्टनमध्ये करड्या जर्सीत 3-0 मागे पडलो, एकमेकांना दिसत नाही म्हणून मध्यंतरात ती बदलली. तीही लोकांनी पैसे मोजून घेतली होती.

शाहू_स्टेडियम: लंडन-मँचेस्टरसाठी भांडताय. पाटाकडील, शिवाजी या आपल्या कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांची जर्सी किती जणांकडं आहे? आपला अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला. त्याच्या नावाची जर्सी कुणी शोधली?

पेठेतला_गनर: भावा, मला पेठ शिकवू नकोस. पाटाकडील-शिवाजी मॅचला भर उन्हात चार तास आधी जाऊन बसलोय मी.

शाहू_स्टेडियम: बसलास. अंगात काय होतं?

पेठेतला_गनर: …आर्सेनलची.

शाहू_स्टेडियम: मग! पोरं वर्गणी काढून जर्सी छापतात, मोसम संपला की त्याच फरशी पुसायला जातात. 1913 चा रंग तुला पाठ. आपल्या तालमीची वीस वर्षांपूर्वीची एक तरी जर्सी दाखव.

ठाण्याचा_युनायटेड: मूळ विषय फर्स्ट कॉपीचा होता.

शाहू_स्टेडियम: विषय हाच आहे. जपायचं काय, हाच.

ओरिजिनलच_घ्या: बरं, अकरावीतल्या पोराला चोर म्हणणं चुकलं, तेवढं मान्य. पण आज पगार घेऊन फर्स्ट कॉपी घेणाऱ्याला म्हणणारच.

पेठेतला_गनर: चालेल. शाहू, माझ्या मोठ्या चुलत भावाकडं तालमीची एक जुनी जर्सी आहे, मागचा नंबर निम्मा उडालेला. रविवारी मागून आणतो. विकणार नाही.